सात नंबर

निमगाव केतकीच्या अनसूयानं चाळिशी उलटली तरी एकदाही चप्पल विकत घेतली नव्हती. घ्यायची कशाला? बापच चपलांचा व्यापारी. आता व्यापारी म्हणजे फार मोठा नव्हे हं. म्हस्कूआबांना ना दुकान, ना पाटी. बाजाराच्या दिवशी ताडपत्री अंथरायची, चार बांबूंवर कापड ताणायचं, आणि रबरी चपला, सँडल, शाळेचे काळे बूट ओळीनं मांडून मधोमध बसायचं. आज निमगाव, परवा इंदापूर, तेरवा आणखी कुठं. पूर्वी तर माल सायकलच्या कॅरियरवर पेटी बांधून न्यायचे. पंचेचाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या तोंडाकडं न बघता पायाकडं बघत आला. गिऱ्हाईक दहा पावलांवर असतानाच म्हणायचे, "सहा नंबर. डावा जरा मोठा हाय तुमचा, डावाच घालून बघा." माणूस डावा घालायचा आणि चप्पल बसायची. लोक तोंडात बोट घालायचे.

अशा बापाची ही एकुलती एक लेक. दर दिवाळीला आबा एक जोड आणून पुढ्यात टाकायचे. "घे, अनू." लग्न झालं, पण ते गावातल्या गावातच, त्यामुळं माहेरची चप्पल काही सुटली नाही. नंबर कायम सात. शाळेत असताना सातचा बूट पायात फदफद वाजायचा, म्हणून आई प्रयागबाई उशीतला कापूस काढून बोटांपुढं कोंबून द्यायची. पुढं चपलांमध्ये कापसाची गरज राहिली नाही. टाचेमागं दोन बोटं चप्पल शिल्लक राहायची, एवढंच. अनसूयाला वाटायचं, असंच असतं.

आणि असं वाटण्यानं पोरीचं किती वाईट झालं ते ऐका. तिला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा ती आत पोह्यांच्या बशा भरत होती आणि तिच्या चपला दाराबाहेर होत्या. मुलाच्या आत्यानं उंबऱ्यावरच त्या बघितल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय, पण पाय फार मोठं हाईत." अहो, पाय बघितला कुणी? कुणी नाही! साडीच्या निऱ्यांखाली पाय झाकलेला. बघितली ती चप्पल. पण ते वाक्य घरात राहिलं. दुसरं स्थळही गेलं, आणि अनसूयानं मनाशी पक्कं केलं की आपण मोठ्या पायाची. तेव्हापासून चारचौघांत बसताना पाय आधी साडीखाली ओढायचे, मग बोलायचं. तिसऱ्या स्थळातला मुलगा, म्हणजे नीळकंठ, वालचंदनगरला कंपनीत फिटर. त्यानं चपलाही बघितल्या नाहीत आणि पायही. पोहे दोनदा मागून घेतले आणि होकार दिला. भला माणूस.

अनसूया शिवणकाम करायची. तिच्या हातचं ब्लाउज म्हणजे इंदापुरापर्यंत नाव. "अर्धा इंच हिकडं-तिकडं झालं की बाई दिवसभर खांदा ओढत बसती," असं म्हणत ती माप तीन-तीनदा घ्यायची. पण स्वतःच्या पायाला तिनं कधी टेप लावला नाही. दुसऱ्याचं माप काढणाऱ्या माणसाला स्वतःचं सुचत नाही, त्याला आपण काय करणार?

सायकलीचं खूळ तिला एकोणचाळिसाव्या वर्षी लागलं. बारा-बारा तास मशीनवर बसून साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, चाला. ही म्हणाली, चालताना बायका गप्पा मारत थांबतात, त्यापेक्षा सायकल बरी. वालचंदनगरच्या क्वार्टरमधले एक इंजिनिअर बदली होऊन निघाले होते, त्यांची बाकदार हँडलची, बारीक चाकांची सायकल नीळकंठनं स्वस्तात आणली. पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधून, हँडलवर वाकून अनसूया पहाटे निघाली की चौकातली माणसं चहाचा कप हातात धरून बघत राहायची. "शर्यत कुणाशी हाय, वैनी?" कुणी विचारलं की ही म्हणायची, "साखरेशी!" आणि पुढं.

बारामतीत सायकलवाल्यांचा एक ग्रुप होता. त्यात दातांच्या डॉक्टर दीप्ती होत्या, त्यांनी तिला ओढून घेतलं. दर जानेवारीत हा ग्रुप दोनशे किलोमीटरची राईड ठेवायचा. बारामतीहून आधी मोरगावच्या पुढं जाऊन परत, मग भिगवण, इंदापूर, निमगाव केतकी करत पुन्हा बारामती. साडेतेरा तासांत पोचायचं. नंबर नाही, बक्षीस नाही. पुरी केली की नाव एका फळ्यावर.

गेल्या जानेवारीत अनसूयानं ती धरली आणि इंदापुरात सोडली. दीडशे किलोमीटर झाल्यावर. गुळगुळीत तळाचे कॅनव्हासचे बूट पॅडलवरून सारखे घसरत होते, तळव्यात आग, बोटं बधिर. मागून येणाऱ्या ग्रुपच्या गाडीत सायकल टाकली आणि काचेतून स्वतःचंच गाव मागं जाताना बघितलं. गाडीतले चांगले लोक होते, पाणी देत होते, पण हिनं बाटलीचं झाकणही उघडलं नाही.

कारण ही काही पहिली वेळ नव्हती. बारावी सायन्सला घातलं होतं, आई आजारी पडली म्हणून अर्ध्यात सोडलं. टायपिंगचा क्लास फी भरून सोडला. शिवणाचा डिप्लोमा प्रॅक्टिकलच्या महिनाभर आधी लग्नात बुडाला. भावकीतल्या बायका हसत म्हणायच्या, "आमची अनसूया ना, इंदापूरपातूर जाती." गंमत म्हणून म्हणायच्या, पण ते तिच्या मनातून जायचं नाही. ह्या जानेवारीला काय वाट्टेल ते होवो, आयुष्यात एक गोष्ट शेवटापर्यंत न्यायची, असं तिनं ठरवलं. नीळकंठला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "ने की. मी बारामतीत उभा राहतो."

दीप्ती डॉक्टर म्हणाल्या, "अनसूयाताई, तुमची ताकद कमी नाही, पाय पॅडलवर राहत नाही. क्लिपचे बूट घ्या." त्यांनी स्वतःचे दाखवले. तळाला टणक सोल, त्यात स्क्रूनं बसवलेला लोखंडाचा छोटा तुकडा. तो पॅडलमध्ये दाबला की खट्! बूट अडकला. सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, की सुटला. अनसूयानं उलटसुलट करून बघितलं.

"ह्याला काय म्हणत्यात?"

"क्लिपलेस."

"म्हणजे क्लिप नसलेला? आन् मग हे काय हाय?"

"मलाही कुणी सांगितलं नाही," डॉक्टर हसत म्हणाल्या. "पण एक ऐका. दुकानात जाऊन, पाय मोजून घ्या. तिथं ऋषिराज म्हणून मुलगा आहे, नीट दाखवतो."

इथं आमच्या अनसूयाचा अभिमान आडवा आला. पाय मोजून घ्या? चपलांच्या व्यापाऱ्याच्या लेकीला हे सांगायचं? तिनं सरळ ऋषिराजला फोन लावला. स्वस्तातला, चांगला, क्लिपचा बूट हवा, नंबर सात. तो बिचारा म्हणाला, "ताई, एकदा येऊन घालून बघा, ह्या बुटांचं माप चपलेसारखं नसतं."

"अरे, माझा बाप पंचेचाळीस वर्षं चपला विकतोय! मला माझा नंबर ठाऊक नसंल व्हय?"

त्यानं सातच्या हिशेबानं एक्केचाळीसचा जोड पाठवला. डॉक्टरांनी आपली जुनी पॅडलं दिली.

बूट आले. अनसूयानं घातले, तर पुढं जागा मोकळी आणि टाच हलतेय. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही! बूट असाच तर असतो. तिनं मशीनच्या खणातून कापूस काढला, बोटांपुढं कोंबला, वरचे पट्टे करकचून आवळले आणि निघाली.

पहिले पंधरा दिवस शाळेच्या मैदानावर अडकव-सोडव केली. मग रस्त्यावर. आणि मग दुखायला लागलं. आधी टाचेला फोड, मग बोटांत मुंग्या, मग डावा गुडघा. पाय बुटात पुढं-मागं सरकायचा आणि गुडघा त्याच्यामागं धावायचा. पण ती काय म्हणायची? "माझं पायच तसलं हाईत." डिसेंबर लागला, राईड पाच आठवड्यांवर आली, आणि साठ किलोमीटरनंतर तिला गुडघा वाकवता येईना. एका संध्याकाळी नीळकंठ तेल चोळत असताना म्हणाली, "अहो, ह्या वर्षीबी इंदापूरच दिसतंय." आणि रडली. नीळकंठनं आणखी तेल हातावर घेतलं.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला ती सराव करून परत येत होती. बाजाराचा रस्ता टाळायला हवा होता, पण ऊन झालेलं, घर गाठायची घाई. कांद्याची हातगाडी मध्ये आली. हिनं ब्रेक दाबला आणि टाच वळवली. टाच वळली. बूट वळला नाही! टाच बुटातल्या बुटात फिरली, बूट आपला पॅडलला घट्ट. सायकल थांबली, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग अनसूया सायकलीसकट, अगदी सावकाश, सगळ्या बाजाराच्या साक्षीनं डावीकडं आडवी झाली. पडली ती कुठं? आबांच्या ताडपत्रीवर, थेट शाळेच्या बुटांच्या राशीत.

"अगं बाय बाय बाय!" भाजीवाल्या धावल्या. कुणी हसलं, कुणी पाणी आणलं. आबा शहात्तर वर्षांचे, पण चटकन उठले. आधी तिचं कोपर बघितलं, डोकं बघितलं. मग पाय अजून अडकलेलाच होता, तो सोडवायला म्हणून त्यांनी पट्टे सोडले आणि पाय बुटाबाहेर काढला. बूट पॅडललाच राहिला, आणि त्यातून कापसाचा बोळा खाली पडला.

आबांनी तो उचलला. बराच वेळ बोटांत फिरवला.

"कापूस कुणी घातला?"

"मीच. आईगत."

"किती नंबर घेतला?"

"सातच की. माझा नंबर."

"चला, चला, काय झालं न्हाय, धंदा करा आपापला," म्हणून आबांनी माणसं पांगवली. अनसूया रबरी चपलांच्या ढिगाशेजारी बसली. तेवढ्यात समोरून एक पोरगी आईचा हात धरून जात होती, तिच्याकडं बघून आबा सवयीनं पुटपुटले, "दोन नंबर." आणि अनसूयाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हातात बाटली होती, ती तिनं खाली ठेवली.

"आबा, तुमी दहा पावलांवरनं नंबर सांगता. माझा नंबर किती?"

आबा खाली बघत बुटांच्या जोड्या लावू लागले.

"आबा, मी इचारतीया."

"पाच," आबा म्हणाले.

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं. वाढून वाढून पाच झाला, तितंच थांबला. फुडनं जरा रुंद हाय, तुझ्या आईगत."

"आन् तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग सात का?"

आबांनी हातातला बूट खाली ठेवला. "पाचचा जोड खपायचा गं, अनू," ते म्हणाले. "बायका चार, पाच, सहा उचलायच्या. सातला गिऱ्हाईक न्हाय. ठोकातली पेटी घेतली की तीत सातचा एक जोड यायचाच, तो पडून राहायचा. मग... घरात अनू हाय की, म्हनायचो."

अनसूया उठली. एका पायात बूट, एक पाय अनवाणी.

"मला सारी मोठ्या पायाची म्हनायची, आबा! दोन स्थळं गेली. मी अजून पाय झाकून बसती. तुमी एकदा, फकस्त एकदा म्हनाला असता की पाय मोठा न्हाय, चप्पल मोठी हाय!"

आबांना तिच्याकडं बघवलं नाही. ती सायकल हातात धरून तशीच लंगडत घरी गेली. तिला बापाचा राग आला होता, सगळ्या जन्माचा एकदम.

चार दिवस ती माहेराकडं फिरकली नाही. बूट पलंगाखाली ढकलले. डॉक्टरांना फोन केला की माझं नाव काढा. डॉक्टर म्हणाल्या, "महिना आहे अजून. मी काही काढत नाही."

पाचव्या दिवशी सकाळी आबा दारात. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, काखेत सुतळीचा गुंडाळा, हातात कोरा कागद आणि सुताराची जाड पेन्सिल. आत आले नाहीत. पडवीत खाली बसले, कागद अंथरला आणि म्हणाले, "पाय ठेव."

"ठाऊक हाय तर मोजताय कशाला?"

"ठाऊक हाय म्हनूनच आजवर मोजला न्हाय. ठेव."

तिच्या मनात नव्हतं, पण तिनं पाय ठेवला. आबांनी वाकून पेन्सिल अंगठ्यापासून सुरू केली. रेघ एकदाही पायाला सोडून गेली नाही. मग दुसरा पाय. मग सुतळीनं बोटांच्या मुळाशी रुंदी, मग घोट्याखालचा घेर. अनसूया वरून बघत होती. आजवर हजारो बायकांचं माप तिनं घेतलं, पण तिचं कुणी इतकं निगुतीनं घेतलं नव्हतं. कागदावर दोन छोटे पाय उमटले. खरंच छोटे होते हो! ती बघतच राहिली.

"चुकलं माझं, अनू," आबा कागदाकडं बघत म्हणाले. "हजार जनांचं पाय राखलं, तुझं न्हाय राखलं. चल बारामतीला."

राग काही लगेच गेला नाही. पण एसटीत ती बापाशेजारीच बसली. वाटेत आबा म्हणाले, "खिडकीकडं बस," तेव्हा तिनं जागाही बदलली.

ऋषिराजचं दुकान काचेचं, गार, भिंतीवर टांगलेल्या सायकली. आबांनी दारातच चपला काढल्या. "आबा, असू द्या," तो म्हणाला. "बुटांच्या दुकानात चप्पल घालून येत न्हाईत आमी," म्हणत आबा आत गेले आणि चामड्याच्या बाकावर न बसता समोर जमिनीवर, पाय मोजणाऱ्या माणसाच्या जागी बसले.

आणि मग जे झालं ते ऋषिराज अजून गिऱ्हाइकांना सांगतो. त्यानं आधी एक देखणा जोड काढला, वर चक्री, फिरवली की तार आवळते. किंमत बारा हजारांच्या वर. आबांनी हातात घेतला, दोन्ही टोकं धरून सोल वाकवून बघितला, शिवणीवरून नख फिरवलं, नाकाला लावून गोंदाचा वास घेतला.

"माल झ्याक हाय. पर फुडनं निमुळता. हिची करंगळी रडंल."

दुसरा जोड तळाला तीन स्क्रूंचा, रस्त्यावरच्या शर्यतवाल्यांचा. तुकडा सोलच्या बाहेर आलेला. आबांनी अनसूयाला घालून चालायला लावलं. ती बदकासारखी चालली.

"वाटंत पंक्चर झालं तर ही काय करनार? सायकल खांद्यावर आन् बूट हातात?"

"नाही आबा, त्यासाठी हे आहेत," ऋषिराजनं तिसरा काढला. दोन स्क्रूंचा, लोखंडाचा तुकडा सोलच्या खाचेत बसलेला, त्यामुळं साध्या बुटासारखं चालता येतं. डॉक्टरांच्या पॅडलला हाच चालतो. नायलॉनचा जाड सोल, वर नुसते तीन पट्टे, चक्री नाही की तार नाही. साडेचार हजार.

आबांनी वाकवला. वाकेना. पंजाकडं बोट फिरवलं. "रुंद हाय. पट्टा तुटला तर आपल्या म्हशिनीवर शिवता येतो. चक्री बिघडली तर कोन शिवनार? पाचचा म्हंजे अडतीस दाव." अडतीसचा जोड शोकेसमध्येच होता. ऋषिराजनं तो उतरवला. कुणी-कुणी घालून बघितलेला, आतला छाप पुसट झालेला.

"ह्यो नगं," आबा म्हणाले. आवाज एकदम बदलला. "पेटीतला काढ. न उघडलेला."

"एकच आहे हो, तोच. गोडाऊनला बघावं लागेल."

"बघ. आमाला येळ हाय."

अनसूया बाकावर बसली होती. तिला कळलं, आज आबांना तिच्यासाठी पडून राहिलेला जोड नको होता, आणि डोळे भरून आले. ऋषिराज अर्ध्या तासानं धुळीनं भरलेला खोका घेऊन आला. आबांनी स्वतः झाकण उघडलं, पातळ कागद बाजूला केला, बुटाच्या टोकात भरलेला कागदाचा चुरगाळा काढून खिशात घातला. मग त्यांनी लेकीच्या पायात बूट चढवला, पट्टे लावले, अंगठ्यानं पुढं दाबून बघितलं, टाचेशी बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही.

"ऊठ. टाच उचल."

तिनं उचलली. बूट तिच्याबरोबर उचलला गेला. एवढं साधं होतं ते? एक्केचाळीस वर्षं तिला माहीतच नव्हतं की बूट पायाबरोबर येतो.

पैसे द्यायला तिनं पर्स उघडली तर आबांनी हात धरला. "चप्पल बापाची. रीत मोडू नगंस." ऋषिराजनं लोखंडी तुकडे कुठं बसवायचे तेही आबांशी बोलून ठरवलं. अंगठ्याच्या मुळाचं हाड कुठं येतं ते आबांनी कागदावर आधीच टिंब देऊन ठेवलं होतं.

जुना सातचा जोड? तो आबांनी रबरी चपलांच्या मधोमध टांगला. "नाल ठोकलेला बूट, नाल ठोकलेला!" अशी हाळी दिली. तीन बाजार लोकांनी हसून घेतलं. चौथ्या बाजाराला वालचंदनगरचा एक लांबडा इंजिनिअर भाजी घ्यायला आला, थबकला, घालून बघितला आणि घासाघीस न करता घेऊन गेला. आबा म्हणाले, "सातलाबी गिऱ्हाईक असतंय की. आपल्याला दम नव्हता."

जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे सहाला अनसूया बारामतीहून निघाली. मोरगावच्या वाटेवर थंडीनं बोटं आखडली, पण ती हाताची. पायाची नाहीत. भिगवणला तिनं केळी खाल्ली. गुडघा गप्प होता. हायवेला समोरून वारा लागला, तेव्हा मात्र शिव्या घातल्या, वाऱ्याला आणि स्वतःला. इंदापूर आलं. गेल्या वर्षीची ती जागा आली, जिथं तिनं सायकल गाडीत टाकली होती. तिथं एक रसवंती होती. ती थांबली नाही, नुसती बघून गेली.

पण खरी परीक्षा पुढंच होती की. रस्ता तिच्याच गावातून जाणारा. एकशे साठ किलोमीटर झालेले, मांड्या भरून आलेल्या, ऊन कललेलं, आणि दोनशे पावलांवर स्वतःचं घर. घरात चहा, घरात पलंग. बारामती अजून दोन तास. तिच्या मनात आलं, एवढं केलं तेही काय थोडं आहे? इंदापूरच्या पुढं तर आलोच. पाय आपोआप सावकाश फिरायला लागले.

चौकात रस्त्याकडेला आबा एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सकाळपासून बसलेत म्हणे. तिला बघून उठले, हात वर केला. अनसूयानं ब्रेक दाबला, टाच वळवली. खट्, सुटला. पाय जमिनीला टेकला, ती उभी राहिली. आबा वाकले. तोंडाकडं बघितलंच नाही, बुटाकडं बघितलं.

"टाच उचलती का?"

"न्हाय, आबा."

"बोटांस्नी मुंग्या?"

"न्हाय."

"गुडघा?"

"गप हाय."

आबा सरळ झाले आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून ओरडले, "मग थांबलीयास कशाला? जा की!"

चौकातली माणसं हसली. अनसूयालाही हसू आलं, आणि तिनं पाय पॅडलवर दाबला. खट्. घराच्या बोळाकडं तिनं मान वळवली नाही.

बारामतीत ती साडेतेरा तासांच्या बावीस मिनिटं आधी पोचली. नीळकंठ उभा होता, दीप्ती डॉक्टर उभ्या होत्या. फळ्यावर खडूनं तिचं नाव लिहिलं गेलं. ते तिनं दोनदा वाचलं. मग फूटपाथवर बसून बूट काढले, मोजे काढले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर पाय लांब पसरून आबांना फोन लावला.

"आबा, पोचले."

पलीकडनं आबांनी विचारलं, "पाय कसं हाईत?"

अनसूयानं पायांकडं बघितलं. धुळीचे, मोज्याचे वळ उमटलेले, दिव्याच्या उजेडात सगळ्यांना दिसतील असे. ते आत ओढून घ्यावे असं तिला वाटलं नाही.

"पाच नंबरचं हाईत, आबा," ती म्हणाली.